तुळईवरची काजळी

"बेन, पहेलां आ मेश काढवी पडशे. पछी खबर पडे, लाकडुं केटलुं साजुं छे."

मिस्त्री शिडीवर उभा होता. त्याने तुळईवर नख ओढलं आणि एक काळी पापडी सुटून खाली ओट्यावर पडली. मेश म्हणजे काजळी. बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या घराच्या मागच्या खणात पणजी, आजी आणि आई अशा तिघींनी आयुष्यभर स्वयंपाक केला. तिथल्या पाच तुळया आणि वरचा कडीपाट इतका काळा होता की लाकडाचा मूळ रंग घरात कुणी पाहिलेलाच नव्हता. दोन तुळयांना वाळवी लागली होती. दादा पुण्याहून फोनवर म्हणाला, "तू तिथे आहेस, तू ठरव." मी ठरवलं. मागचा खण उतरवायचा, भिंती ठेवायच्या, वर स्लॅब टाकायचा.

ओट्यावरची पापडी मी उचलली. तळहातावर तिचं वजनच लागेना. चुरडली तर बोटं तेलकट झाली. वास घेतला तर धुराचा, आणि त्या धुरात कुठेतरी फोडणीचा. हा वास खराच होता. चुलीची काजळी म्हणजे निव्वळ कार्बन नव्हे. अर्धवट जळलेल्या लाकडाचं डांबर आणि तेलातुपाची वाफ तिच्यात मुरलेली असते. मी तीस वर्षं शाळेत रसायनशास्त्र शिकवलं. कार्बनचा धडा दरवर्षी शिकवला, आणि दरवर्षी संध्याकाळी घरी येऊन याच तुळयांखाली भाकरी खाल्ली. धडा आणि तुळई मी कधी शेजारी ठेवून पाहिली नव्हती. गेल्या फेब्रुवारीत, मिस्त्रीची माणसं घमेली भरून काजळी बाहेर नेत होती तेव्हा, ते आपोआप घडलं.

लाकडाला जळताना पुरेशी हवा मिळाली तर त्यातला कार्बन प्राणवायूशी जोडला जातो आणि न दिसणारा वायू होऊन निघून जातो. हवा कमी पडली की ज्वाळेच्या पोटात कार्बनचे तुकडे एकमेकांनाच धरू लागतात. आधी छोट्या साखळ्या, मग सहा-सहा अणूंच्या कड्या, कडीला कडी जोडून पापुद्रे, पापुद्र्यांचे गोळे. असे वीस-तीस हजार गोळे ओळीने मांडले तर जेमतेम एक मिलिमीटर भरेल. ज्वाळेचा पिवळा रंग याच तापलेल्या गोळ्यांचा. आजी फुंकणीने चूल पेटवायची तेव्हा आधी धूर कोंडायचा, मग एकदम पिवळा लोळ उठायचा आणि ती समाधानाने मागे सरकून बसायची. तो लोळ म्हणजे काजळीच होती, अजून प्रकाशत असलेली. थोडी वर गेली, गार झाली, की तुळईला चिकटली.

आमच्या घरात काळ्या रंगाला वाईट मानायची रीत नव्हती. एरंडेलाच्या दिव्यावर ताम्हण पालथं धरून आजी काजळ पाडायची, त्यात तूप कालवून चांदीच्या डबीत भरायची. दादाच्या, माझ्या आणि सगळ्या चुलत भावंडांच्या गालावर त्याच डबीतली तीट लागली. कोळशाची पूड उरली तर उन्हाळ्यात शेणात कालवून तिचे गोळे वाळायला पडायचे. दात राखुंडीने घासले जायचे. आणि घराची जुनी मोडी कागदपत्रं, जी आता माझ्याकडे आहेत, ती काजळ आणि डिंकाच्या शाईनेच लिहिलेली आहेत. कागद पिवळा पडला, कडा कसरीने खाल्ल्या, पण अक्षर आजही काळंभोर आहे. ऊन, पाणी, हवा यांना त्या काळ्या कणांवर नेहमीच्या तापमानाला काही करता येत नाही. त्या कागदांत घराच्या बांधकामाचा शक आहे: 1819. म्हणजे 1897 साल.

पण आजीला खोकला होता. पहाटे चूल पेटली की सुरू व्हायचा, दुपारी थांबायचा, संध्याकाळी पुन्हा. आम्ही तो तिच्या बांगड्यांच्या आवाजासारखा ऐकत मोठे झालो. 1775 मध्ये लंडनच्या पर्सिव्हल पॉट नावाच्या शल्यवैद्याने धुराडी साफ करणाऱ्या पोरांना मोठेपणी होणाऱ्या कर्करोगाचा संबंध काजळीशी जोडला होता. पुढे दीडशे वर्षांनी काजळीच्या डांबरातली ती विषारी संयुगं वेगळी काढता आली. तीही कार्बनच्या कड्यांचीच, एकमेकींना चिकटलेल्या. हे सगळं मी बी.एस्सी.ला शिकत होते तेव्हा आजी जिवंत होती. मी घरी येऊन तिला काही सांगितलं नाही. चूल तोवर गेली होती, पण चाळीस वर्षांचा धूर तिच्या छातीत होता, आणि मला ते परीक्षेच्या प्रश्नापलीकडे कळलंच नाही. तुळई खरवडताना मिस्त्रीच्या पोराने तोंडाला रुमाल बांधला होता. तो पाहिला आणि मी परसात जाऊन थोडा वेळ उभी राहिले.

फडताळ रिकामं करताना आजोबांची नमुन्यांची वही सापडली. आजोबा कलाभवन या इथल्या तंत्रशिक्षणाच्या शाळेत रंगाईचं शास्त्र शिकले होते. सयाजीराव महाराजांनी 1890 मध्ये कलाभवन काढलं ते त्रिभुवनदास गज्जर यांच्या हाती देऊन. हा माणूस रसायनशास्त्राचा नुसता पंडित नव्हता. मुंबईत व्हिक्टोरिया राणीच्या संगमरवरी पुतळ्याला डांबर फासलं गेलं होतं, तो डाग इतर कुणाला निघेना, तो यांनी काढून दाखवला. 1907 मध्ये ॲलेंबिक हा औषध-रसायनांचा कारखाना उभा करण्यातही त्यांचा हात होता. आजोबा शिकायला गेले तोवर गज्जर कलाभवन सोडून गेले होते, पण त्यांनी घालून दिलेला शिरस्ता चालू होता: पुस्तकात जे वाचलं ते हौदात बुडवून बघायचं. वहीच्या प्रत्येक पानावर सुती कापडाचा बोटभर तुकडा डकवलेला आहे, खाली रंगाचं नाव, किती तोळे, पाणी किती कढत, किती वेळ. लाल अजून लाल आहे. निळा थोडा उतरलाय.

हे सगळे रंग एका काळ्या, चिकट, घाण वासाच्या पदार्थातून आलेले. दगडी कोळशापासून गॅस काढताना जे डांबर उरायचं, ते एकोणिसाव्या शतकात लोक टाकून द्यायचे. 1856 मध्ये लंडनमध्ये अठरा वर्षांच्या विल्यम पर्किनला त्यातल्याच एका द्रव्यापासून क्विनीन बनवायचं होतं. क्विनीन झालं नाही, जांभळा रंग झाला. 1869 पर्यंत मंजिष्ठेचा लाल प्रयोगशाळेत तयार व्हायला लागला आणि मंजिष्ठेची शेती बसली. 1897 मध्ये जर्मन कारखान्याची कृत्रिम नीळ बाजारात आली आणि बिहार-बंगालच्या निळीची उतरण सुरू झाली. आमच्या घराच्या तुळया चढल्या त्याच वर्षी. एका कार्बनी कडीच्या कडेला एखादा अणुगट इकडचा तिकडे केला की लालाचा नारिंगी होतो, पिवळ्याचा निळा होतो. कार्बनखेरीज दुसऱ्या कुठल्याही मूलद्रव्याला स्वतःशीच इतक्या लांब, इतक्या फांद्यांनी, इतक्या कड्यांनी जोडलं जाणं जमत नाही. सिलिकॉनही चार हातांचा आहे, त्याच घराण्यातला आहे, पण त्याच्या स्वतःशी गुंफलेल्या साखळ्या हवापाण्यात टिकत नाहीत. तो प्राणवायूला धरतो आणि वाळू होऊन बसतो.

चार हात, म्हणजे दुसऱ्या अणूंना धरणारे चार बंध, हा शब्द वर्गात मी नेहमी वापरायचे. फळ्यावर अधिकच्या चिन्हासारखे काढले की मुलांना वाटतं कार्बन सपाट आहे. म्हणून कणकेचा गोळा न्यायचे आणि चार काड्या. "या काड्या एकमेकींपासून जास्तीत जास्त लांब राहतील अशा खोचा," एवढंच सांगायचं. थोड्या झटापटीनंतर एखाद्या मुलीच्या हातात ती तीन पायांवर उभी, चौथा हात वर केलेली आकृती तयार व्हायची. हा शोध याकोबस व्हांट हॉफ या बावीस वर्षांच्या डच मुलाने सप्टेंबर 1874 मध्ये एका लहानशा पुस्तिकेत छापला. त्याने पुठ्ठ्याचे चौफलक, म्हणजे चार त्रिकोणी बाजूंचे ठोकळे, करून मोठमोठ्या रसायनशास्त्रज्ञांना पाठवले होते. एका बड्या जर्मन प्राध्यापकाने त्याची जाहीर टर उडवली. 1901 मध्ये रसायनशास्त्राचं पहिलं नोबेल त्याच मुलाला मिळालं. अर्थात तोवर त्याने इतरही खूप काम केलं होतं.

1874 हे साल बडोद्याच्या माणसाला वेगळ्याच कारणाने ठाऊक असतं. व्हांट हॉफची पुस्तिका छापून दोन महिने झाले होते. 9 नोव्हेंबरच्या सकाळी इथल्या रेसिडेन्सीत इंग्रज सरकारचा रेसिडेंट कर्नल फेयर फिरून आला, नेहमीचं सरबत दोन घोट प्यायला, चव विचित्र लागली म्हणून उरलेलं ओतून दिलं, आणि त्याला पेल्याच्या तळाशी गाळ दिसला. तपासात निघालं सोमल, म्हणजे आर्सेनिकचं विष, आणि हिऱ्याची पूड. आळ खुद्द बडोद्याच्या महाराजांवर, मल्हारराव गायकवाडांवर आला. चौकशीला सहा जणांचा आयोग बसला, तीन इंग्रज आणि तीन हिंदी: ग्वाल्हेरचे शिंदे, जयपूरचे महाराज आणि सर दिनकरराव. इंग्रजांनी दोषी म्हटलं, हिंदी सभासदांनी म्हटलं नाही. तरी एप्रिल 1875 मध्ये गैरकारभाराच्या कारणाने मल्हाररावांना गादीवरून काढून मद्रासला धाडलं, आणि मे महिन्यात कवळाण्याचा बारा वर्षांचा गोपाळराव बडोद्याच्या गादीवर सयाजीराव म्हणून बसला.

मला लहानपणापासून या गोष्टीत सोमलापेक्षा हिऱ्याच्या पुडीचं कुतूहल. हिरा विषारी असतो अशी समजूत आपल्याकडे फार जुनी. आजीही म्हणायची, "हिरकणी गिळली की आतडी कापतात." पण हिऱ्यात प्रत्येक कार्बन त्याच चौफलकात उभा असतो. चारही हात चार शेजाऱ्यांच्या हातात, शेजाऱ्यांचे त्यांच्या शेजाऱ्यांच्या, आणि एकही हात रिकामा नाही. जठरातल्या आम्लाला पकडायला काही उरतच नाही. त्या पेल्यात मारू शकणारं जे काही होतं ते सोमल होतं. हिरा बिचारा नुसता तळाशी बसला. बडोद्याच्या राजकारणात कार्बनचा एवढाच सहभाग, पण माझ्यासारखीला तो विसरवत नाही. युट्रेख्टमध्ये एक मुलगा पुठ्ठ्याचे चौफलक चिकटवत होता आणि इकडे विश्वामित्रीच्या काठी तेच चौफलक सरबताच्या तळाशी सापडले होते. दोघांना एकमेकांचा पत्ता नव्हता.

बडोद्याच्या खंडेराव महाराजांनी घेतलेला 'दक्षिणेचा तारा' हा 128 कॅरेटचा हिरा असो, पेन्सिलीतलं शिसं म्हणतात ते ग्राफाइट असो, की माझ्या नखातली काजळी असो, द्रव्य एकच. हे पहिल्यांदा वजन करून दाखवलं स्मिथसन टेनंटने, 1797 मध्ये. त्याने हिरा आणि तेवढ्याच वजनाचा कोळसा वेगवेगळा जाळला आणि निघालेला वायू मोजला. दोन्हीकडे सारखाच भरला.

1972 पासून बडोद्यात महानगरपालिकेने घरोघर नळाने नैसर्गिक वायू द्यायला सुरुवात केली. आमच्या गल्लीत पाइप आले तेव्हा मी आठवीत होते. आजीने दोन दिवस गॅसला हात लावला नाही. "धूर नाही तर अन्न शिजतंय हे कळायचं कसं?" असं ती विचारायची. तिसऱ्या दिवशी आईने तिच्या हातात लायटर दिला. ज्योत निळी होती. त्या वायूच्या रेणूत एकच कार्बन, चार हातांत चार हायड्रोजन. कड्या गुंफायला शेजारी कुणी नाही, त्यामुळे काजळी जवळजवळ धरतच नाही. महिन्याभरात चूल मोडली. आईने भिंती धुऊन काढल्या, पण तुळयांपर्यंत कुणाचा हात पोचला नाही. म्हणजे मिस्त्रीने खरवडलेला सगळ्यात वरचा थर त्या वर्षाचा, आणि लाकडाला चिकटलेला सगळ्यात आतला थर पणजीच्या पहिल्या चुलीचा.

आम्हाला वाटलं, घर स्वच्छ झालं. झालंच होतं. आजीचा पहाटेचा खोकला कमी झाला, आईचे डोळे चुरचुरायचे थांबले, भांड्यांची बुडं चकाकायला लागली. त्या वर्षाबद्दल मला आजही कृतज्ञता वाटते आणि ती कमी करायची माझी इच्छा नाही. पण स्वयंपाकघरातून कार्बन गेला नव्हता. तो दिसायचा थांबला होता. शाळेत समीकरण शिकवताना बाणाच्या उजवीकडे मी कार्बन डायऑक्साइड लिहायचे आणि त्याच्याशेजारी वर जाणारा छोटा बाण काढायचे. वायू, निघून गेला. तो कुठे गेला हे विचारायची पद्धत नव्हती. हवेत गेलेली काजळी आठवडा-दोन आठवड्यांत पावसाबरोबर नाहीतर आपल्या वजनाने खाली येते. या वायूतला काही हिस्सा शेकडो वर्षं, थोडा हजारो वर्षं वरच राहतो.

बाबा कोयलीच्या रिफायनरीत होते. 1965 मध्ये ती सुरू झाली, अंकलेश्वरच्या तेलावर, आणि बाबा पहिल्या काही वर्षांतच लागले. रोज कंपनीची बस, डबा, निळा गणवेश. रात्री गच्चीवर झोपायला गेलो की वायव्येला आभाळाची एक कड तांबूस दिसायची. ती तिथली जळती चिमणी. आम्ही विचारायचो, एवढी आग, विझवत का नाहीत? बाबा म्हणायचे, "ती पेटलेली आहे म्हणून मी घरी झोपलोय. जास्तीचा गॅस तिथे जळून जातो. ती विझली तर काळजी." त्या नोकरीवर आम्ही दोघं शिकलो, माझं लग्न झालं, हे घर दोनदा शाकारलं गेलं. बाबांना त्या कामाचा अभिमान होता. देश तेव्हा तेलासाठी दुसऱ्यांच्या तोंडाकडे बघत होता आणि आपल्या जमिनीतून निघालेलं तेल आपल्या माणसांनी शुद्ध केलं, हे त्यांना मोठं वाटायचं. ते मोठंच होतं.

आजोबांच्या वहीमागे बाबांची बाटली होती. बोटभर उंचीची, बुचाला मेण लावलेली, आत अंकलेश्वरचं कच्चं तेल. थंडीत ते थिजायचं आणि बाबा ती बाटली तळहातात धरून ऊब देऊन आम्हाला दाखवायचे. "हे पाच कोटी वर्षांचं आहे," म्हणायचे. ते ऐकताना मला बाटली हातात घ्यायची भीती वाटायची, फुटली तर पाच कोटी वर्षं सांडतील म्हणून. खंबातच्या आखाताच्या त्या पट्ट्यात तेव्हा उथळ समुद्र होता. त्यातल्या सूक्ष्म जीवांनी उन्हात हवेतला नि पाण्यातला कार्बन अंगात घेतला, मेले, गाळात गाडले गेले, दाबाने आणि उष्णतेने शिजले.

त्या दुपारी ओट्यावर एकीकडे बाटली होती आणि एकीकडे तुळईचा कापलेला तुकडा. वाळवी न लागलेल्या तीन तुळयांपैकी एकीचं टोक मी मिस्त्रीकडून वीतभर कापून घेतलं होतं. बाहेरून डांबरासारखं काळं, पण करवत फिरली तशी आत मधाच्या रंगाचं लाकूड निघालं, आणि सव्वाशे वर्षांनंतरही सागाचा तो कातडी-तेलाचा वास. सोनगड-व्याऱ्याकडचं लाकूड आहे असं आजोबा सांगायचे; तेव्हा तो भाग बडोदे सरकारचाच होता. सागाला वर्षाची कडी स्पष्ट उमटते. टाचण्या खोचत मी बावन्न मोजल्या. चौरस तासताना बाहेरच्या गेल्या असतील त्या वेगळ्या.

या दोन वस्तूंतला फरक डोळ्याला दिसत नाही, पण मोजता येतो. वरच्या हवेत विश्वकिरणांमुळे सतत थोडा कार्बन-14 तयार होत असतो. झाडं तो घेतात, झाडं खाणारे घेतात, तुमच्या-माझ्या अंगात आत्ता आहे. जीव मेला की नवा येणं थांबतं आणि असलेला 5730 वर्षांत निम्मा होतो. विलर्ड लिबीने 1949 मध्ये यावरून जुन्या वस्तूंचं वय काढायची रीत बसवली. तुळईच्या तुकड्यात तो अजून भरपूर आहे. बाटलीत काहीही नाही. पाच कोटी वर्षांत त्याचा मागमूस उरत नाही. 1955 मध्ये हान्स स्यूस या शास्त्रज्ञाने झाडांच्या कड्यांमधला कार्बन-14 मोजला तेव्हा त्याला आढळलं की विसाव्या शतकातल्या लाकडात तो एकोणिसाव्या शतकातल्यापेक्षा कमी भरतो. झाडं तीच होती. ती ज्या हवेतून कार्बन घेत होती त्या हवेत आता कोट्यवधी वर्षांचा, कार्बन-14 उरलेला नाही असा कार्बन मिसळला होता. कोळशाचा आणि तेलाचा. हवेतला वाढीव कार्बन कुठून आला हा वाद कुणी माझ्यासमोर काढला तर मी हेच सांगते. झाडांनी लिहून ठेवलंय.

माझ्या हातातला तुकडा त्या भेसळीच्या आधीचा. हे झाड वाढत होतं तेव्हा हवेच्या दहा लाख भागांत कार्बन डायऑक्साइडचे तीनशेहूनही कमी भाग होते. घर बांधायच्या आदल्याच वर्षी, 1896 मध्ये, स्वीडनच्या आर्‍हेनियसने हा वायू वाढला तर पृथ्वी किती तापेल याचं गणित हाताने करून छापलं होतं. 1958 मध्ये हवाई बेटावर चार्ल्स कीलिंगने रोजची मोजणी सुरू केली तेव्हा आकडा 315 होता. माझा जन्म 1960 चा, तेव्हा 317. आता 420 च्या वर.

झाडाचं हे सगळं वजन हवेतून आलं, मातीतून नव्हे, हे वर्गात सांगितलं की मुलं विश्वास ठेवत नसत. सतराव्या शतकात व्हान हेल्माँटलाही ते पुरतं कळलं नव्हतं. त्याने कुंडीतली माती तोलून विलोचं रोप लावलं, पाच वर्षं फक्त पाणी घातलं. झाड 164 पौंडांनी वाढलं आणि माती घटली जेमतेम दोन औंस. त्याने मान्य केलं की माती नव्हे, आणि ठरवलं की पाणी. गंमत अशी की 'गॅस' हा शब्द त्यानेच घडवला आणि लाकडाच्या धगीतून निघणारा हाच वायू त्याने ओळखलाही होता, पण झाडाकडे बघताना त्याला तो आठवला नाही. कमाटी बागेतल्या वडांखालून फिरताना मला हा माणूस हटकून आठवतो. शहराचं नावच वडावरून. एकेका वडाच्या पारंब्यांत, खोडात किती टन हवा बसलेली आहे, आणि रस्ता रुंद करताना असं एक झाड पडलं की किती वर्षांची हवा मोकळी होते.

संध्याकाळी जुन्या लाकडाचे दोन व्यापारी येऊन गेले. पहिला भट्टीसाठी सरपण घेणारा. त्याने सगळं लाकूड उक्तं मागितलं, आजच उचलतो म्हणाला, आणि मला खण रिकामा करायची घाईही होती. दुसरा सागवानवाला. त्याने टेप लावून मोजलं: बारा फूट लांब, आठ इंच, सहा इंच, म्हणजे तुळईमागे चार घनफूट. मी मागे उभी राहून मनात माझं गणित करत होते. चार घनफूट साग म्हणजे सुमारे सत्तर किलो. सुकलेल्या लाकडात निम्मा कार्बन, म्हणजे पस्तीस किलो. जाळला तर 130 किलोच्या आसपास कार्बन डायऑक्साइड. एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण 2.3 किलो. मी दोनदा भागाकार केला. छप्पन-सत्तावन्न लिटर. पन्नास वर्षांहून जास्त काळ उन्हात उभं राहून झाडाने जे गोळा केलं, जे सव्वाशे वर्षं आमच्या डोक्यावर तोलून धरलेलं होतं, ते माझ्या गाडीच्या दीड टाकीएवढं भरत होतं. तेवढं पेट्रोल मी दीड-दोन महिन्यांत संपवते.

मला तिथेच ओट्यावर बसावं लागलं. सागवानवाला घाबरून म्हणाला, "शुं थयुं, मासी?" भाव कमी वाटला असं त्याला वाटलं असावं, कारण त्याने लगेच घनफुटामागे पन्नास रुपये वाढवले.

तीन तुळया त्याला दिल्या. त्यांचे दरवाजे होतील म्हणाला. रंधा मारला की आतून सोनं निघतं. वाळवीच्या दोन तुळया आणि कडीपाटाच्या फळ्या मात्र भट्टीवाल्याकडेच गेल्या. त्यांचं दुसरं काही करता आलं असतं का, हे मी मिस्त्रीला दोन-तीनदा विचारलं. नाही म्हणाला.

भिंतींसाठी मी पुट्टी नको म्हटलं, चुना सांगितला. मिस्त्रीला ते जुनाट वाटलं. चुनखडीचा दगड भट्टीत भाजला की त्यातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो. उरलेल्या चुन्यात पाणी घालून तो भिंतीला लावला की भिंत तोच वायू हवेतून हळूहळू परत ओढून घेते आणि वरवर पुन्हा दगड होत जाते. हिशोब फायद्याचा नाही, भट्टीचा कोळसा वेगळा जळतोच. पण भिंत महिनोन्‌महिने श्वास ओढते हे मला आवडतं. पृथ्वीवरचा बहुतेक सगळा कार्बन असाच खडकात निजलेला आहे, चुनखडीत, शिंपल्यांत. खंडेराव महाराजांनी लाखो बसरा मोती जडवून जो गालिचा करवला, तो मोतीही जात्या तोच: कॅल्शियम, कार्बन, प्राणवायू.

टेम्पो गेल्यावर खण उघडा पडला. जिथे कायम अंधार असायचा तिथे पहिल्यांदाच संध्याकाळचं ऊन आलं आणि चुलीच्या जागेमागच्या भिंतीवर धुराचा एक लांबट पट्टा दिसला, खाली अरुंद, वर पसरत गेलेला. आजी जिथे बसायची त्याच्या नेमका वर. मी बाटली फडक्यात गुंडाळली, तुकडा पिशवीत घातला आणि नळाखाली हात धरले. साबण तीनदा लावला, मग चिंच, मग राख. दुसऱ्या दिवशी पोळ्या लाटताना नखांच्या कडेला काळी रेघ होतीच.